फोटोफ्रेम का बंद पडली?



मोठ्या गटाच्या वर्गात आम्ही 'माझ्या घरातील एक वस्तू' हा निबंध दिला होता. कोणी सायकलवर लिहिले, कोणी देवघरावर, एकाने तर घरातल्या पोळपाटावर लिहिले. एका मुलीची वही मात्र कोरी होती. ती म्हणाली, "मी फोटोफ्रेमवर लिहिणार होते. पण शुक्रवारी रात्री ती चांगली होती आणि शनिवारी सकाळी बंद पडली. कोणी हातसुद्धा लावला नव्हता!"

कोणी हात न लावता वस्तू बिघडते कशी? या एका प्रश्नावर आमचे पुढचे तीन रविवार गेले. मुलांनी घरोघरी चौकशी केली. पालकांपैकी दोघे संगणकाच्या क्षेत्रात काम करतात, त्यांना आम्ही वर्गात बोलावले. त्यातून जे कळले ते आपल्या अंकाच्या वाचकांसाठी येथे देत आहोत.

फ्रेमची गोष्ट

ही फ्रेम इंटरनेटला जोडलेली होती. लंडनमधल्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी ती उभी असे, आणि मिरजेला बसून आजोबा तिच्यावर फोटो पाठवत. कृष्णेचा घाट, दारातला पेरू, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत वाळत ठेवलेले भोपळे. प्रत्येक फोटोखाली आजोबा एक ओळ मराठीत लिहायचे. आमची ही विद्यार्थिनी देवनागरी वाचायला शिकली ती निम्मी आपल्या वर्गात आणि निम्मी त्या फ्रेमवर. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. फ्रेम मात्र त्यांचे फोटो रोज दाखवत राहिली.

शनिवारी सकाळी फ्रेमवर फक्त एक गोल फिरत होता. मुलीने आजीला फोन केला.

"आजी, फ्रेम चालूच होत नाहीये गं."

"अगं, वायर नीट बसली नसेल. काढून परत लाव बघू."

"बाबांनी दहा वेळा लावून पाहिली."

"मग कुणाकडून तरी उघडून घ्या. आपल्या मिक्सरला पंचवीस वर्षं झाली. दोनदा कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडं नेला, अजून चटणी वाटतोय की!"

आजीचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला या फ्रेममध्ये काहीच सापडले नसते. काच शाबूत होती, वायर शाबूत होती, आतला एकही सुटा भाग जळालेला नव्हता. बदलले होते ते फ्रेमच्या आत लिहिलेले, आणि तो बदल रात्री सगळे झोपलेले असताना वायफायवरून घरात आला होता.

अपडेट म्हणजे काय?

मिक्सरला बटण असते. बटण दाबले की मोटर फिरते. त्याला विचार करावा लागत नाही. इंटरनेटला जोडलेल्या वस्तूत मात्र एक छोटा संगणक असतो, मग ती फ्रेम असो, दाराची घंटा असो, दिवा असो की घर गरम ठेवणारा थर्मोस्टॅट असो. काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे, हे त्या संगणकाला सांगणाऱ्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. यंत्राच्या पोटात कायमच्या बसवलेल्या सूचनांना फर्मवेअर म्हणतात.

आईच्या पाककृतींची वही डोळ्यांसमोर आणा. वही घरात आहे, स्वयंपाकही घरातच होतो. पण समजा, ही वही ज्यांनी छापली ते दूरच्या गावी बसून रात्रीतून तिच्यातली पाने बदलू शकतात. सकाळी उठून आई वही उघडते, तर आमटीची कृती वेगळीच! अपडेट म्हणजे ही पाने बदलणे.

हे घडते असे: यंत्र ठरावीक वेळाने कंपनीच्या दूरच्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला विचारते, "माझ्यासाठी नवे काही आहे का?" असेल तर ते उतरवून घेते. ते खरोखर कंपनीकडूनच आले आहे ना, हे तपासते. मग जुन्या सूचनांच्या जागी नव्या लिहिते आणि स्वतःला बंद करून पुन्हा चालू करते. चांगल्या यंत्रांत सूचना ठेवायला दोन जागा असतात. नवी प्रत चालली नाही तर यंत्र जुन्या प्रतीवर परत येते. स्वस्त आणि जुन्या यंत्रांत बहुधा एकच जागा असते. त्यात लिहिताना मध्येच वीज गेली, तर जुने पुसलेले आणि नवे अर्धवट अशी गत होते.

मग पाठवतात तरी कशाला?

वर्गात हा प्रश्न लगेच आला. "चांगले चालले आहे तर हात कशाला लावायचा?"

उत्तरासाठी २०१६ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी 'मिराई' नावाचा एक दुष्ट प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला. तो घरोघरचे कॅमेरे, राउटर आणि टीव्हीचे कार्यक्रम साठवून ठेवणारी यंत्रे शोधत असे. अनेकांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड कधीच बदललेला नव्हता. मिराई नेहमीचे काही डझन पासवर्ड लावून पाही आणि आत शिरे. अशा हजारो यंत्रांची फौज करून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डिन' या अमेरिकन कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला. त्या दिवशी ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठमोठी संकेतस्थळे अनेकांना कित्येक तास उघडता आली नाहीत. ज्यांच्या घरातले कॅमेरे या हल्ल्यात सामील झाले होते, त्यांना पत्ताही नव्हता.

म्हणजे दाराची कडी सैल झाली आहे हे कळल्यावर कडी बदलावीच लागते. अपडेट हे पुष्कळदा त्या नव्या कडीचेच काम करते. मग कडी बदलताना दारच का निखळते?

जुनीच यंत्रे का अडतात?

आम्हाला यामागे पाच वेगवेगळी कारणे सापडली.

पहिले कारण जागेचे. भारतातून परतताना विमानात २३ किलोची बॅग घेऊन येतो ना आपण? आजी लाडू देते, काकू मेतकूट देते, मावशी लोणच्याची बरणी देते, आणि शेवटी बॅगेवर बसूनही चेन लागत नाही. जुन्या यंत्राची स्मरणशक्ती अशीच ठरलेल्या मापाची असते. सॉफ्टवेअर मात्र दर वर्षी जाड होत जाते. एक दिवस ते मावत नाही, किंवा मावले तरी यंत्र धापा टाकू लागते. शिवाय नवे सॉफ्टवेअर तपासताना कंपनीच्या टेबलावर सर्वांत जास्त वेळ नव्या यंत्रांना मिळतो. आठ वर्षांपूर्वीचे यंत्र तेथे असेलच असे नाही.

दुसरे कारण चुकीच्या पत्त्याचे. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील लॉकस्टेट या कंपनीने दाराच्या कुलपांसाठी अपडेट पाठवले. ते होते '७आय' या प्रकारच्या कुलपासाठी, पण गेले '६आय' या आधीच्या प्रकाराकडे. सुमारे ५०० ग्राहकांची कुलपे बिघडली आणि आकडे दाबून दार उघडेना. गंमत अशी की कुलपांचा इंटरनेटशी संबंधच तुटल्यामुळे चूक सुधारणारे अपडेटही त्यांच्यापर्यंत पोहोचेना! कुलपाचा भाग काढून टपालाने पाठवणे किंवा नवे कुलूप मागवणे, एवढेच हाती उरले.

तिसरे कारण दडून बसलेल्या चुकीचे. नेस्ट या थर्मोस्टॅटसाठी डिसेंबर २०१५ मध्ये एक अपडेट गेले. काही दिवस सगळे ठीक चालले. जानेवारी २०१६ मध्ये, ऐन थंडीत, अनेक घरांतल्या थर्मोस्टॅटची बॅटरी उतरली आणि घरे गार पडली. थर्मोस्टॅट भिंतीवरून काढून, वायर जोडून चार्ज करून पुन्हा चालू करावा लागला. तान्हे बाळ किंवा वयस्कर माणूस घरात असेल, तर ही गैरसोय साधी नाही.

चौथे कारण मुदतीचे, आणि हे आपल्याला चटकन समजेल. आपल्या पासपोर्टवर मुदत लिहिलेली असते. आपण तेच, चेहराही तोच, पण मुदत संपली की विमानतळावर कोणी सोडत नाही. यंत्रे एकमेकांना ओळखण्यासाठी अशीच ओळखपत्रे वापरतात, आणि त्यांनाही मुदत असते. २०१५ मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट ही टीव्हीला जोडायची वस्तू ९ मार्च २०२५ रोजी जगभर अचानक अडली. तिच्या कामाच्या एका ओळखपत्राची दहा वर्षांची मुदत त्या दिवशी संपली होती. ते वेळेवर नवे करायचे राहून गेले होते. काही दिवसांनी गूगलने दुरुस्ती पाठवली, ती अपडेटच्याच वाटेने. दरम्यान ज्यांनी घाईने आपली क्रोमकास्ट पूर्ण पुसून पुन्हा बसवायचा प्रयत्न केला, त्यांचा गुंता आणखी वाढला.

पाचवे कारण म्हणजे बिघाड नव्हे, निर्णय. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी दुसऱ्या कंपन्यांच्या शाईच्या कार्ट्रिज अचानक नाकारल्या. प्रिंटर बिघडला नव्हता, नाकारायची सूचनाच त्याच्या पोटात घातलेली होती. ओरड झाल्यावर महिनाअखेरीस कंपनीने नीट न कळवल्याबद्दल माफी मागितली आणि ते बंधन काढणारे फर्मवेअर देऊ केले. कधी कधी तर कंपनी आपला सर्व्हरच बंद करते. रिव्हॉल्व्ह नावाचे, घरातले दिवे वगैरे चालवणारे यंत्र लोकांनी ३०० डॉलरला घेतले होते. मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद झाली आणि ते नुसती डबी होऊन बसले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर सूचना न देताच बंद पडले. त्या वेळी मात्र काही ग्राहकांनीच एकत्र येऊन कंपनी विकत घेतली आणि जून २०२२ मध्ये सेवा पुन्हा सुरू केली.

मग अपडेट बंदच करावे का?

यावर वर्गात दोन तट पडले. एक तट म्हणाला, "बंद! आपली वस्तू, आपली मर्जी." दुसरा म्हणाला, "मग मिराई आत शिरला तर?"

बराच वेळ वाद झाल्यावर दोन्ही तटांना एक गोष्ट पटली. क्रोमकास्टच्या प्रकारात कोणीही नवे काही घातले नव्हते. काहीच न बदलल्यामुळे ती वस्तू अडली. म्हणजे इंटरनेटला जोडलेली वस्तू आहे तशी कायम राहूच शकत नाही. ती मिक्सरसारखी नसून बागेसारखी आहे. कोणीतरी पाणी घालत राहावे लागते. आपण दुकानातून वस्तू घेतो तेव्हा पाणी घालणारा माळी तिच्याबरोबर येतो, आणि तो किती वर्षे राहणार हे आपण विचारतच नाही.

इथे ब्रिटनमध्ये आता हे विचारण्याची सोय कायद्याने झाली आहे. २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, इंटरनेटला जोडायची घरगुती वस्तू विकणाऱ्या कंपनीने सुरक्षेची अपडेट कमीत कमी कधीपर्यंत देणार ते जाहीर केले पाहिजे. सर्व यंत्रांना एकच सोपा पासवर्ड देण्यालाही मनाई आहे. मात्र किती वर्षे द्यायची हे या कायद्यात ठरवलेले नाही, फक्त सांगायला हवे एवढेच. म्हणून वाचण्याचे काम आपले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये आणखी कडक कायदा केला आहे. त्यातील मुख्य नियम डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायचे आहेत, आणि त्यांत ही मुदत साधारणपणे किमान पाच वर्षांची धरली आहे.

निरोपही नीट देता येतो, याचे एक उदाहरण. २०११ आणि २०१२ मधील पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्ट थर्मोस्टॅटचा इंटरनेटशी संबंध २५ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवण्यात आला. फोनवरून ते चालवता येईनासे झाले, आणि लोक त्यामुळे नाराजही झाले. पण भिंतीवरची गोल कडी हाताने फिरवली की घर गरम होते. बातमीही सहा महिने आधी दिली होती. हाताने चालणे आणि आधी कळवणे, या दोन गोष्टी असल्या की वस्तू म्हातारी झाली तरी निकामी होत नाही.

आपण काय करावे?

१. वस्तू घेण्यापूर्वी अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख शोधा. सवलतीत मिळणारी जुनी वस्तू घेताना तर नक्कीच, कारण तिची थोडीच वर्षे उरलेली असू शकतात.

२. इंटरनेट बंद असताना ती काय काय करू शकते ते विचारा. दार, दिवा आणि घराची ऊब या तीन गोष्टी हाताने चालल्याच पाहिजेत.

३. अपडेट चालू असताना वीज काढू नका. गोल बराच वेळ फिरत राहिला तरी धीर धरा.

४. वस्तू अडली तर लगेच सगळे पुसून पुन्हा बसवू नका. इतरांचीही अडली आहे का, ते आधी पाहा. सर्वांची अडली असेल तर दोष तुमच्या घरात नाही.

५. ज्या ईमेलवर वस्तू नोंदवली ते ईमेल अधूनमधून उघडा. सूचना तिथेच येतात.

६. अपडेट मिळणे थांबलेली वस्तू ठेवायचीच असेल, तर तिला इंटरनेटपासून तोडा. ते जमत नसेल, तर पाहुण्यांसाठी असलेल्या वेगळ्या वायफायवर ठेवा.

७. फोटो, आवाज, पत्रे यांची एक प्रत नेहमी आपल्या घरात ठेवा.

फ्रेमचे पुढे काय झाले?

पाचवा आणि सातवा मुद्दा आम्हाला त्या फ्रेमनेच शिकवला. मुलीच्या बाबांनी कंपनीला लिहिले. उत्तर आले की नवे सॉफ्टवेअर या जुन्या प्रकारात मावत नाही, तशी सूचना तीन महिन्यांपूर्वी पाठवली होती, आणि या प्रकारच्या फ्रेमची खाती महिनाअखेर बंद होतील. पुढच्या खरेदीवर सवलतही देऊ केली होती. सूचना खरोखरच आली होती. ती गेली होती बाबांच्या एका जुन्या ईमेलवर, जे कोणी उघडतच नव्हते.

महिना संपायला नऊ दिवस होते. फोटो फ्रेममध्ये नव्हते, कंपनीच्या सर्व्हरवर होते. आजोबांचा फोन तर ते गेल्यानंतर पुसून कामवाल्या मावशींच्या मुलाला दिला होता. म्हणजे या नऊ दिवसांत उतरवले नसते, तर ते फोटो कुठेच उरले नसते. बाबांनी आणि दादाने दोन रात्री बसून सगळे फोटो उतरवून घेतले. फोटो आले, पण त्यांच्याखाली आजोबांनी लिहिलेल्या ओळी काही आल्या नाहीत. त्या फक्त फ्रेमलाच वाचता येत होत्या.

म्हणून आता दर शनिवारी मिरजेला फोन लागतो. मुलगी एकेक फोटो पाठवते आणि विचारते, "आजी, याच्याखाली आजोबांनी काय लिहिलं होतं?" आजीला काही आठवते, काही आठवत नाही. जे आठवते ते मुलगी वहीत मराठीत लिहून घेते. आठवत नसेल तिथे आजी स्वतःची ओळ सांगते, आणि पुढे कंसात 'आजी' असे लिहायला लावते. "उगीच त्यांच्या नावावर माझं नको," असे त्यांचे म्हणणे.

निबंधाची वही आता भरली आहे. आम्ही तिला पूर्ण गुण दिले.

शब्दओळख

अद्ययावत – आजपर्यंतच्या बदलांसह असलेले
शाबूत – न मोडलेले, धड
निकामी – कामाचे न राहिलेले
मुदत – ठरवून दिलेला काळ
सवलत – किमतीत दिलेली सूट
गत – अवस्था, स्थिती

घरी करा

आईबाबांबरोबर घरातून एक फेरी मारा आणि इंटरनेटला जोडलेल्या सर्व वस्तूंची यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहा: कोणत्या साली घेतली, अपडेट कधीपर्यंत मिळणार, आणि इंटरनेटशिवाय ती चालते का. लहान गटाने फक्त चित्रे काढून खाली नावे लिहावीत. यादी पुढच्या रविवारी वर्गात आणा. सगळ्यांत जुनी चालू वस्तू कोणाच्या घरी निघते ते पाहू. मिक्सर मात्र धरायचा नाही बरे का, नाहीतर मिरजेच्या आजीच जिंकतील!